कमलचं अर्धं घर

कुणीतरी आम्हाला साफ फसवलं आहे. नाव घेत नाही, कारण नाव मलाही ठाऊक नाही. पण माणसाचा मेंदू जगात सगळीकडे सारखाच चालतो, एकदा चाचणी तयार केली की ती कुठेही लावता येते, असं ज्याने कुणी पहिल्यांदा पुस्तकात लिहिलं, तो माणूस जीपमध्ये बसून सेलूच्या पुढे कधी गेलेला नाही. पैज लावून सांगते! गेला असता तर त्याने ते पान स्वतःच्या हाताने फाडलं असतं.

मी गेले. ऐंशी सालच्या आगेमागे दोन वर्षं जातच होते. मानसशास्त्रात एम. ए. झालेलं, अंगात नुसती आग, आणि वर्ध्याजवळच्या एका इस्पितळात मेंदूवर संशोधन करणारे एक डॉक्टर मदतनीस शोधत होते. त्यांना सगळे ‘सर’च म्हणत. मेंदूच्या कोणत्या भागाला इजा झाली की माणसाचं वागणं कसं बदलतं, हा त्यांचा विषय. मला वाटलं, झालं! आता गावोगाव जाऊन सांगायचं की बाबांनो, हे अंगात येणं नाही, करणी नाही, आळस नाही, हा मेंदू आहे. दोन वर्षांत जिल्हा शहाणा करून टाकू.

जिल्हा होता तसाच आहे. अशा कामात निष्कर्ष थोडे जमतात आणि किस्से फार. निष्कर्ष फायलीत घालून बांधून ठेवता येतात. किस्से ऐकत नाहीत. नालवाडीच्या आमच्या घरी कुणी चहाला आलं की एकेक बाहेर येतोच. मग आता सगळेच ऐका.

*

आमच्याकडे परदेशातून आलेली एक चित्रांची वही होती. प्रत्येक चित्रात काहीतरी चुकलेलं. ते ओळखायचं. एका चित्रात बर्फात बुडालेलं घर, अंगणात फावड्याने बर्फ ओढणारा माणूस. चूक अशी की झाडं एका बाजूला वाकलेली आणि धुराड्यातला धूर उलट्या बाजूला चाललेला.

पहिल्याच गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला चित्र दाखवलं. “बाबाजी, यात काय चुकलं?”

त्यांनी चित्र उन्हात धरलं. “एवढा कापूस आंगनात काऊन पडू देला? पानी आलं तं सारा पिवया पडन नं!”

मी म्हटलं, असेल एखादा. पण दुसराही म्हणाला कापूस. तिसऱ्याने तर फावड्याने ओढणाऱ्याला शिवी दिली. एका आजीबाईंनी बराच वेळ पाहून विचारलं, “इतका कापूस झाला, तं मंग पक्क्या न्हानीले काय झालतं? न्हानी कोठी आहे या घराले?”

पुस्तकाप्रमाणे सगळ्यांना शून्य! संध्याकाळी मी सरांशी भांडले. म्हटलं, सर, ह्या लोकांना नापास करणारे आपण कोण?

सर शांतपणे म्हणाले, “करू नकोस. मीसुद्धा परदेशात गेलो तेव्हा पहिल्या दिवशी मला तो कापूसच वाटला होता.”

*

कमल इस्पितळात आली ती पहिल्याच पावसाळ्यात. सेलूच्या पुढच्या एका गावची, वय बावीस-तेवीस. पहिलं बाळंतपण झालं आणि आठव्या दिवशी डोकं धरून पडली. मेंदूच्या उजव्या भागातल्या रक्तवाहिनीत गुठळी. वाचली. डावा हात-पायही हळूहळू चालू लागला. पण घरी गेली आणि तक्रारी सुरू झाल्या. अर्धीच भाकर खाते. अर्धंच अंगण झाडते. डाव्या बाजूला निजवलेलं लेकरू रडतं आणि ही त्याला उजवीकडे शोधते.

बरोबर नवरा वसंता आणि त्याचा थोरला भाऊ, म्हणजे तिचे जेठ, मारोतराव. बोलायचं काम जेठांचं.

“म्याडम, पह्यले चांगली होती. आता नाटकं करून राह्यली. अर्धं काम केलं का बस! लेकराकडं बी ध्यान नाही. आमी ठरवलं आहे, बैलायचा पोया झाला का हिले माहेरी धाडून देऊ. लेकरू आमच्यापासी राह्यन.”

कमल खाली मान घालून बसलेली. एवढंच म्हणाली, “मी सारंच झाडतो जी. हे म्हन्तात अर्धं राह्यलं.”

आमची ठरलेली चाचणी होती घड्याळाचं चित्र काढायची. पण कमलच्या घरात घड्याळ नव्हतंच. मी नवीन चाचणी शोधली. तिच्या हातात पांढरी रांगोळी दिली आणि म्हटलं, दिवाळीत काढता तशी काढा.

तिने ठिपके टाकले, रेघा जोडल्या, हात एकदाही अडखळला नाही. पण उजवीकडचीच पाकळ्यांची रांग. फुलाला मधोमध कापल्यासारखं. आणि मागे सरकून, समाधानाने म्हणाली, “झाली.”

अर्धं जगच तिच्यासाठी पुसलं गेलं होतं आणि पुसलं गेल्याचं तिला माहीतच नव्हतं! मी मारोतरावांकडे वळून म्हटलं, “पाहिलंत?”

“पाह्यलं नं,” ते म्हणाले. “सरकारी रांगोई आहे तरी काटकसर करून राह्यली!”

*

कमलच्या केसमध्ये मी गुंतले होते, पण बाकीचं काम थांबत नव्हतं. आमचा एक लाकडी खोका होता. वर्ध्याच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने करून दिलेला. त्यात दिवा, बटण आणि टिकटिकणारं यंत्र. दिवा लागला की बटण दाबायचं. किती वेळ लागला ते यंत्र सांगतं. मेंदू किती चपळ आहे ते त्यावरून कळतं, असं म्हणतात.

आमच्या नोंदींप्रमाणे अख्खं गाव मंद निघालं! शेतात सापावर कुऱ्हाड टाकायला ज्यांना पापणी लवायचाही वेळ लागत नाही, ती माणसं दिव्याकडे पाहत, हात वर धरत, आणि मग सावकाश, देवाला फूल वाहावं तसं बटण दाबत.

तिसऱ्या दिवशी सर एका पेशंटला पाहायला गेले होते. आमचा ड्रायव्हर रहीमभाई कंटाळून खोक्याशी खेळत बसला होता. त्याच्यासमोर तेच लोक, तेच बटण. पण आता दिवा लागतो न लागतो तोच फटाफट! मी थक्क. एका काकांना विचारलं, “काल एवढा वेळ का लागत होता?”

“काल मोठे डाक्टर बसले होते नं समोर. मोठ्या मानसाच्या म्होरं हात असा फटकन चालवते का कोनी? जरासक थांबा लागते.”

म्हणजे तीन दिवस मी मेंदूचा वेग मोजतच नव्हते. मी आदर मोजत होते! सरांचा आदर सर्वांत जास्त, माझा त्याच्या निम्मा, रहीमभाईचा जवळजवळ शून्य.

त्या दिवसापासून खोक्यासमोर रहीमभाई बसू लागला. पुढे पाहुणे आले की तो अदबीने सांगायचा, “साहब दिमाग का इलाज करते, टेस्ट अपुन लेते.”

*

याच खोक्याने पुलगावच्या वाटेवर आम्हाला घाम फोडला. तिथल्या गिरणीतल्या कामगारांच्या चाचण्या घ्यायच्या होत्या. रहीमभाईने जवळचा रस्ता म्हणून जी वळणं घेतली, ती नेमकी लष्कराच्या दारूगोळ्याच्या डेपोकडे जाणारी निघाली. चौकीवर हवालदाराने जीप थांबवली. मागे पाहिलं. खोका. त्यातून बाहेर आलेल्या दोन वायरी. आणि आत काहीतरी टिकटिक करतंय!

“नीचे उतरो. सब लोग. हाथ ऊपर.”

आम्ही हात वर करून उन्हात उभे. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत गावकऱ्यांना दाखवायचा प्लास्टरचा मेंदू होता, तोही माझ्याबरोबर हात वर केल्यासारखा उंच झाला. हवालदाराने तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि विचारलं, “ये किसका है?”

सर म्हणाले, “किसी का भी हो सकता है.”

हे उत्तर त्या वेळी द्यायचं उत्तर नव्हतं! आणखी अर्धा तास गेला. शेवटी वरचे साहेब आले, कागद पाहिले, हसले, आणि सोडून दिलं. पण हवालदाराला आता खोक्याबद्दल कुतूहल. सर म्हणाले, या, तुमचीच चाचणी घेऊ.

दिवा लागायचा, पण यंत्राचा काटा हलायचाच नाही. मला वाटलं, बिघडलं. नीट पाहिलं तर हवालदार दिवा लागण्याआधीच बटण दाबून मोकळा! दहाही वेळा. मी चिडून म्हटलं, “दिवा लागल्यावर दाबायचं!”

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. “मैडम, बत्ती जलने के बाद दबाएँगे, तो फिर चौकी पे काहे को खड़े हैं?”

*

पेशंटशी तुलना करायला धडधाकट माणसं लागतात. म्हणून मी सेलूच्या बाजारात पाटी लावली होती : ‘संशोधनासाठी सामान्य माणसे पाहिजेत.’ दिवसभरात एक माणूस आला नाही. संध्याकाळी एक बाई मात्र नवऱ्याला हाताला धरून घेऊन आल्या. “हे घ्या जी. यायच्याइतका सामान्य मानूस पंचक्रोशीत सापडनार नाही.”

मग कापड दुकानदाराचा एक मुलगा आला. चाचण्या दिल्या, सगळ्या बरोबर. उठेना. म्हणाला, “दाखला?”

“कसला?”

“डोस्कं बरोबर असल्याचा. सोयरीक जुयली होती, पन पोरीचा बाप म्हन्ते पोरगा जरासक बावया दिसते. तुमचा शिक्का भेटला तं काम होऊन जाईन.”

सरांनी समजावलं, आम्ही बिघाड शोधतो. बिघाड नाही, असा दाखला आम्हाला देता येत नाही.

मुलाने थोडा विचार केला. “मंग असं करा सर. थोडासा बिघाड लिहा. अन् खाली लिहा का चालते!”

आम्ही पोट धरून हसलो. सरांनी त्या दिवशी नियम केला : कुणालाही, कसलाही कागद द्यायचा नाही.

आणि तो नियम मी आठ दिवसांत मोडला. पोळा तोंडावर आला होता. कमलचा निरोप आला होता, सासरचे बोलणं मागे घेत नाहीत म्हणून. मला वाटलं, विज्ञान कशासाठी आहे मग? मी इस्पितळाच्या कागदावर, सुवाच्य अक्षरात, काळजातून लिहिलं : ‘सौ. कमल यांच्या मेंदूस इजा झाली आहे. त्यामुळे डावीकडच्या गोष्टींकडे त्यांचे लक्ष जात नाही. यात त्यांचा काहीही दोष नाही. डावीकडून हाक मारून, सवय लावून यात सुधारणा होऊ शकते. त्यांना लेकरापासून दूर करू नये.’ खाली सही. वर शिक्का. रहीमभाईच्या हाती पाठवून दिला.

तो परत आला तो तोंड पाडून.

“ताई, आपने क्या लिख दिया? वो बड़ा भाई पूरे गाँव को पढ़के बता रहा.”

“मग चांगलंच आहे ना!”

“पह्यलीच लाइन पढ़ता है. ‘मेंदूस इजा झाली आहे.’ फिर कागज घडी करके जेब में. बोलता है, इस्पतालनंच लिहून देलं, आता कोन बोलते ते पाहू.”

मी जे कागदावर उतरवलं होतं ते औषध होतं. त्यांच्या हाती हत्यार पडलं होतं, आणि तेही शिक्का मारून, माझ्याच हाताने! सरांना सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी कमलची फाइल पुढे ओढली. मग म्हणाले, “कमलची तपासणी तू नीट केलीस. कागद वाचणाऱ्याची करायची राहिली.”

*

पोळ्याला दोन दिवस उरले असताना आम्ही कमलच्या गावी गेलो. सर स्वतः आले. अंगणात बैल धुणं चालू होतं. माझा कागद बैठकीतल्या तारेला टोचलेला, सगळ्यात वर. कमलचं गाठोडं दाराशी बांधून तयार. मी जीपमधून भाषण पाठ करत आले होते. मेंदूचे दोन भाग, स्त्रीचे हक्क, सगळं. सरांनी माझ्या हातावर हात ठेवला. “भाषण नको. आपल्याला येतं ते करू. चाचणी.”

आधी मी घरभर फिरून यादी केली. त्या घराची मांडणी सोपी होती. दारातून आत आलं की डावीकडे बैठक आणि तिच्या पलीकडे गोठा. उजवीकडे सैपाकघर आणि त्याला लागून न्हाणी. दोन्हीकडची एकेक वस्तू मी कागदावर उतरवली.

मग कमलला अंगणात, घराकडे पाठ करून बसवलं. सर म्हणाले, “कमलबाई, डोळे मिटा. समजा तुम्ही आपल्या दारात उभ्या आहात, तोंड घराकडे. काय काय दिसतं ते सांगा.”

ती सांगू लागली. “चुला. चुल्यापासी भाकर पलटाचा सराटा. पान्याचे दोन गुंड. जातं. उखय. मिठामिरचीचा डबा. कोपऱ्यात सूप टांगलं आहे. न्हानी. न्हानीतला दगड. पायना.” थांबली. डोळे उघडले. “बस. इतकंच.”

सगळं उजवीकडचं. बैठकीतलं एक अक्षर नाही. मी यादीवर खुणा करत होते तोवर मारोतराव उठून उभे राहिले.

“अन् बैठक? माही खुर्ची? आमच्या बाबाचा फोटू? गोठा? हजारो रुपयाचे बैल बांधतो तिथं, ते बी नाई दिसले हिले?” ते चार शेजाऱ्यांकडे वळले. अंगणात तोवर बरीच माणसं जमली होती. “ऐकलं नं साऱ्यायनं? अर्धं घरच नाई हिच्या डोस्क्यात! अर्धं घर जिले दिसत नाही, तिच्या हाती लेकरू कसं द्याचं? हे तं तुमच्याच समोर झालं डाक्टरसायेब.”

कमलच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या तोंडात भाषण आलं. मी ओठ आवळून धरले.

सर म्हणाले, “तुमचं म्हणणं बरोबर आहे, मारोतराव. तिने अर्धं घर सोडलं. फक्त आमच्या कामाची एक रीत आहे. पेशंटला जी चाचणी, तीच घरातल्या एका धडधाकट माणसाला. त्याशिवाय नोंद पुरी होत नाही.”

“मले इचारा नं!” मारोतराव खूश झाले. टोपी नीट केली, घराकडे पाठ करून बसले, डोळे मिटले. “हे घर माह्या डोयासमोर बांधलं. दारात उभा राह्यलो का पह्यले माही खुर्ची. तिच्यावर बाबाचा फोटू. त्याले हार. बाजूले क्यालेंडर. तारेले कागदं. खुटीले माही छत्री. मंग रेडिओ. रेडिओवर रुमाल. मंग गोठ्याचं दार. आत ढवया अन् बांड्या. त्यायच्या झुली, घुंगरं, नवीन दोर. चाऱ्याची टोपली. कंदील. वखर. तिफन.” अशी बारीकसारीक यादी की मला लिहायला हात पुरेना.

“आणखी?” सर म्हणाले.

“आनखी काय राह्यलं?” मारोतरावांनी मिटल्या डोळ्यांनीच डोकं खाजवलं. “हं. तिकडं सैपाक होते. झालं.”

“वसंतराव, तुम्ही सांगता?”

वसंता लाजत बसला. त्यानेही खुर्ची सांगितली, फोटो सांगितला, बैल सांगितले. त्याची सायकल आणि सायकलचा पंप जास्तीचा. मग तोही थांबला.

आमच्या कामाची आणखी एक रीत आहे. राहून गेलेल्या वस्तू शेवटी मोठ्याने वाचायच्या, म्हणजे सांगणाऱ्याला आठवलं तर भर घालता येते. मी दोघांचे कागद शेजारी धरले आणि वाचू लागले. “चूल. सराटा. गुंड दोन. जातं. उखळ. मिठामिरचीचा डबा. सूप. न्हाणी. न्हाणीतला दगड.” कुणी काही भर घातली नाही. “पाळणा,” मी वाचलं. आत पाळण्यात लेकरू जागं झालं होतं, कुरकुरत होतं.

मारोतराव डोळे उघडून माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत होते.

शेजारच्या एक काकू विरजण मागायला आल्या होत्या, त्या वाटी हातात धरून मघापासून दारातच उभ्या होत्या. त्यांनी कमलच्या गाठोड्याकडे पाहिलं, मग मारोतरावांकडे, मग वसंताकडे, आणि अगदी सहज विचारलं,

“मंग बाप्पा, या दोघायले कोनाच्या माहेरी धाडाचं?”